किमाइयोच्या मागची पोरं

केनियातल्या इतेन गावाच्या चढावर, अगदी माथ्याला, माझी चहाची टपरी आहे. धावणारे तिथं येऊन थांबतात. कुणी खरा जोर लावला आणि कुणी नुसता देखावा केला, हे मला पहिला कप ओतेपर्यंत कळतं.

किमाइयो एके काळी परदेशात मॅरेथॉन जिंकून आलेला. त्या कमाईतून त्यानं घरामागे खोल्या बांधल्या आणि गावोगावच्या गरीब पोरांना फुकट ठेवलं. पोरं त्याच्याच घरची मक्याची उगाली खायची, त्याचेच जुने बूट घालायची. मग त्याचा गुडघा गेला. शस्त्रक्रिया झाली, काठी आली, काठी गेली, आणि वर्षभरानं तो पुन्हा तांबड्या रस्त्यावर उतरला. डॉक्टरांनी बजावलं होतं, घड्याळ लावायचं नाही. वेळेच्या मागे लागशील आणि गुडघा पुन्हा घालवून बसशील. त्यानं ऐकलं. मग वेग मोजायचा कशावरून? तर पोरांवरून. पोरं मागे राहिली म्हणजे आपण पूर्वीसारखे झालो, असा त्याचा सरळ हिशेब.

पोरं मुद्दाम मागे राहायची, एवढंच त्यात धरलेलं नव्हतं.

चढ संपवून किमाइयो बाकावर बसला की कप धरायलाही त्याला वेळ लागायचा. पोरं मात्र येताक्षणी थट्टेला मोकळी. एकदा मी त्यांच्यातल्या थोरल्याला, केंदागोरला, बाजूला घेतलं.

"काय रे, कपाळ कोरडंच? पाणी शिंपडून देऊ का थोडं?"

"हळू बोल, मावशी. दादा ऐकतील."

"ऐकू दे की."

"ज्याच्या घरात झोपतो त्याला चढावर मागे टाकू? अजून थोडे दिवस. गुडघा पुरता बरा झाला की ते खरोखरच पुढे असतील."

पोरगं मनापासून बोलत होतं. हीच तर पंचाईत.

त्याच सुमारास मुलींच्या एका शिबिरातून किमाइयोला बोलावणं आलं. मुलींच्या पुढे धावून त्यांना वेग धरून द्यायचा, काम कायमचं. त्या वयाला, त्या गुडघ्याला असं काम चालून येतं कुठं? पण त्यानं माझ्याच बाकावर बसून निरोप्याला वाटेला लावलं.

"एखादा म्हातारा शोधा म्हणावं. माझी पोरं अजून माझी पाठच बघतायत."

पोरांनी कपात तोंडं घातली.

पुढच्या आठवड्यात दूरच्या किसी गावाकडचा न्याकुंदी नावाचा नवखा त्यांच्यात धावायला आला. आमच्याकडे कुणीही कुणाच्याही घोळक्यात शिरावं, विचारायची पद्धत नाही. त्याला ना किमाइयो ठाऊक, ना खोल्या. चढावर तो सगळ्यांना ओलांडून आला आणि मला म्हणाला, "मावशी, तो पुढचा बाबा बराच दमलाय. पण बाकीचे त्याच्यामागे का अडकलेत? रस्ता तर चांगला रुंद आहे."

किमाइयो तेवढ्यात पोचला होता. त्यानं ऐकलं. केंदागोर आल्यावर त्यानं विचारलं, "याच्याबरोबर तुला जाता आलं असतं?"

केंदागोर वाकून बुटाची नाडी बांधू लागला.

"बोल."

"आलं असतं, दादा."

"कधीपासून?"

"तुम्ही परत धावायला लागलात तेव्हापासून."

"एकदा मागे टाकलं असतंस, तर मी त्या कामाला हो म्हटलं असतं."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला बरं वाटेल."

"वाटलं ना. फार बरं वाटलं."

किमाइयो त्याच दुपारी शिबिरात जाऊन आला. तिथं दुसरा माणूस नेमला होता.

दुसऱ्या दिवशी किमाइयो घोळक्याच्या मागे उभा राहिला. टपरीवरून मला खालचं वळण दिसतं. पोरं वळून वळून बघत होती. तो मंदावला, ती मंदावली. तो चालू लागला, तर तीही जवळजवळ चालायलाच लागली. शेवटी तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला आणि आत खडा गेल्यासारखं दाखवत बूट काढून झटकू लागला. पोरं थोडी घुटमळली. मग केंदागोर निघाला, त्याच्यामागे बाकीचे. ती चढ चढून माझ्यापुढून निघून गेली, तरी तो बूट झटकतच होता.