सोलायचा कोपरा

मामा, म्हणजे माझे सासरे भिमाजी, दोन हजार तीनच्या मार्चात गेले. पिंपरी पेंढारच्या आमच्या मळ्यात कांदा काटणी चालली होती. दुपारी तीनच्या सुमाराला मळ्यात आम्ही दोघंच होतो. ते बांधावर टेकले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "रोहिणी, गोळी दे."

जिभेखाली ठेवायची गोळी त्यांच्या बंडीच्या खिशातच असायची. पण या खेपेचं पाकीट नवीन होतं. दोन्हीकडून जाड चंदेरी कागद, कितीही दाबलं तरी गोळी बाहेर येईना. माझी बोटं कांद्याच्या रसानं चिकट झालेली. दातांनी ओढलं तर कागद नुसता ताणला गेला. विळ्यानं कापायला गेले, तर गोळीचाच भुगा होऊन मातीत पडला. दुसरीचंही तेच. मामा नुसते माझ्या हातांकडे बघत राहिले. तिसरी कशीबशी निघाली, तोंडात घातली, तेव्हाही ते तसेच बघत होते. पण पापणी हलत नव्हती.

डॉक्टर म्हणाले, गोळीनं वाचलेच असते असं सांगता येत नाही.

उरलेलं पाकीट मी मामांच्या पत्र्याच्या पेटीत ठेवलं. आठवड्याभरानं दुपारी पेटीतून चंदेरी कागद दाबल्यासारखी चुरचुर ऐकू आली. उंदीर असेल म्हणून उघडून पाहिलं. पाकीट होतं तसं होतं. मग रोजच तो आवाज येऊ लागला.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. घरात आलेलं प्रत्येक पाकीट त्या लगेच फोडून ठेवू लागल्या. बिस्किटं सादळायची, शाम्पूच्या पुड्या वाटीत ओतलेल्या. मला वाटायचं, हे मलाच दाखवायला चाललंय. तोंडानं मात्र त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

जूनमध्ये एका दुपारी आम्ही गहू निवडत होतो. पेटी वाजली. आत्यांचे हात थांबले.

"तुला बी ऐकू येतं?"

मी मान हलवली.

"पाकीट मीच आणलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मेडिकलवाल्यानं दावलं व्हतं, कोपऱ्यापासनं कागद सोलायचा, दाबायचं न्हाई. घरी आले तर म्हशीनं दावं तोडलेलं. त्या गडबडीत सांगायचं राहून गेलं."

"आणि इतके दिवस गप्प बसलात?"

"तू काय म्हणशील, याचं लई भ्या वाटायचं."

मला राग आला, खोटं कशाला सांगू. उठून पेटीतलं पाकीट काढलं आणि त्यांच्यापुढं धरलं. "दावा."

त्यांनी नखानं कोपरा उचलला. कागद सरळ निघत गेला. इतकं सोपं होतं. गोळी तळहातावर पडली आणि मला रडू फुटलं.

उरलेल्या सहाही गोळ्या आम्ही सोलल्या. फेकवेनात, म्हणून बांधाखाली पुरल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या पेटीतून आवाज आलाच. आत्या माझ्याजवळ सरकून बसल्या. तो थांबेपर्यंत आम्ही दोघी ऐकत राहिलो.