मढची लिंक

“प्रत्येक वाटेला वेगळं नाव द्या, ताई. आणि असं ठेवा, की महिन्यानं बघितलं तरी तुमचं तुम्हाला कळेल,” मंचरच्या कॉम्प्युटरच्या वर्गात अक्षदा मॅडम सांगायच्या. नीलमनं ते तंतोतंत पाळलं होतं. जुन्नरच्या बाजारपेठेतल्या त्यांच्या धान्याच्या दुकानाची वेबसाइट तीच सांभाळायची. लांबलचक पत्ता आखूड करून फेसबुकवर टाकायला एक लिंक करायची, व्हॉट्सअ‍ॅपसाठी दुसरी. मग कोण कुठल्या वाटेनं आलं आणि किती वेळ थांबलं, ते पडद्यावर दिसायचं. मढच्या बायकांचा हातसडीचा तांदूळ साइटवर आला, तेव्हा फेसबुकच्या लिंकच्या शेवटी तिनं इंग्रजीत चारच अक्षरं ठेवली. एम, ए, डी, एच. गावाचं नाव, सुटसुटीत.

दोन महिन्यांचे आकडे तिच्या नवऱ्यानं, जिनेशनं, गादीवर बसल्या बसल्या पाहिले.

“फेसबुकवरून सहाशे बारा माणसं आली. थांबली किती? सहा सेकंद. घेतला कुणीच नाही. अगं, एवढ्या वेळात पायातली चप्पलसुद्धा निघत नाही.”

“व्हॉट्सअ‍ॅपवरून एक्केचाळीसच आले, पण त्यातल्या अकरा जणांनी मागवला.”

“ते शीलाताईंचे पाव्हणेरावळे असतील. सहाशे माणसं उंबऱ्यावरून परत फिरतात, म्हणजे मालातच खोट आहे. महिनाअखेरीला ते पान काढून टाक.”

शीला मढच्या गटाची प्रमुख. चौदा बाया भात सडायच्या. बाजारात नेला की तो तांदूळ गिरणीच्या तांदळातच मिसळला जाई. हातसडीचा म्हणून त्याला ओळख होती ती या एका पानावर. नीलमनं तिला फोन लावला.

“लोक बघून परत जातायत, शीलाताई. तांदळात काही फरक पडलाय का?”

“फरक कसला, वहिनी? खाचरं तीच, उखळ तेच, अन् सडणाऱ्या बी आमीच.” मग शीलानं आवाज खाली आणला. “बायांना मी काय सांगू? म्हणत्याल, शीलीनंच कायतरी मिसळलं. ह्ये फोनवर नगा सांगू. काय आसंल ते तुमी येऊन सांगा, त्यांच्या म्होरं.”

“येईन. पंचमीच्या आत येते,” नीलम म्हणाली.

दोन दिवसांनी राजुरीचे गेणूभाऊ बाजरी न्यायला आले. जुनं गिऱ्हाईक. पिशवी टेकवत म्हणाले, “वहिनी, तुमी मध कवापासनं ठेवाय लागला?”

जिनेश हसला. “आमच्याकडं अन् मध? ऊन लागलं का, गेणूभाऊ?”

“मला न्हाई लागलं, तुमालाच लागलं आसंल.” त्यांनी मोबाइल पुढं केला. डोंगराचा फोटो, ‘डोंगरातून थेट तुमच्या घरी’ एवढीच ओळ आणि खाली लिंक. “ह्ये बगा. एम, ए, डी, एच. मध! नातीला खोकला झाला म्हनून दाबलं, तर निघाला तांदूळ. आमच्या आळीत लई जणांनी दाबलं, राव. तांदूळ काय चाटायचा व्हय?”

नीलम त्या अक्षरांकडं बघत राहिली. तिच्या माहेरी नाही की सासरी नाही, मध कधी घरात आलाच नव्हता. जैन धर्मात तो वर्ज्य; वैद्याचं चूर्णसुद्धा तुपात कालवून घ्यायचे. ती चार अक्षरं तिनं शंभरदा वाचली असतील, दर वेळी त्यांचं मढच झालं होतं. जिभेवर जी चवच नाही, ती डोळ्यांना कुठून दिसणार!

“सहाशे खोकलेवाले!” जिनेशला हसू आवरेना. गेणूभाऊ गेल्यावर म्हणाला, “नाव बदल. पान राहू दे.”

तिनं तिथंच बसून नवी लिंक केली, व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंकसारखाच नावात तांदूळ घातला, डोंगराऐवजी सुपातल्या तांदळाचा फोटो लावला. संध्याकाळपर्यंत सातच माणसं आली. पण पान खालपर्यंत वाचून गेली, आणि दोघांनी तांदूळ मागवला.

“शीलाताईंना फोन करून टाक,” जिनेश म्हणाला, “पान राहिलं म्हणून.”

“पान राहिलं हे फोनवर सांगता येईल. पण तांदळात खोट आहे का, हे मी विचारलं होतं. खोट माझ्या हातची निघाली.”

“एवढ्यासाठी मढला जाणार?”

दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्योदयानंतर दोन घटका न खाण्याची नवकारशी झाल्यावर दोन घास खाल्ले, डब्याबरोबर पाण्याची बाटली पिशवीत टाकली. जिनेश दुकानाचं शटर वर करत होता.

“येते हं,” ती हळूच म्हणाली, आणि पदर सावरून स्टँडच्या वाटेला लागली.