उलटा पीळ

"साहेब, कडेवरून बाजूला व्हा आधी! सगळी माती माझ्या डोक्यात पडतेय," मी खड्ड्यातून ओरडले.

साहेब दोन पावलं मागे सरकले. "अहो बाई, कशाला जिवाचा आटापिटा करताय? पाणी शिरलंय केबलमध्ये. सोमवारी नवीन टाकू."

"आणि तोवर दवाखान्याचा फोन?"

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. रस्ता खोदणाऱ्यांनी आदल्या दिवशी केबल दुखावली होती आणि त्या भागातले शंभर फोन मुके झाले होते. बाकीच्यांचं सोडा, चार दिवस फोनवर गप्पा मारल्या नाहीत म्हणून कुणी मरत नाही. पण बाळंतपणाच्या दवाखान्यात एखादी बाई अडली, तर गाडी मागवायला तो एकच फोन. मोबाईल तेव्हा साहेबांकडेही नव्हता.

"पाचच्या आत चालू करते. नाही केला तर नाव सांगणार नाही," मी म्हटलं. पाचला एक्स्चेंजमधलं टेस्टिंग बंद व्हायचं.

जुन्या जॉइंटवरचं शिसं कापलं. आत कागदात गुंडाळलेल्या तारा, ओल्याचिंब. दोन तारांची एक जोडी म्हणजे एक फोन. शंभरांतून दवाखान्याची शोधायची होती. एक्स्चेंजमधल्या टेस्टवालीने त्या जोडीवर आवाज सोडला आणि मी कानाला टेस्ट फोन लावून एकेक जोडी चाचपत बसले. सापडली तेव्हा चार वाजून गेले होते.

कागद सोलला आणि माझी बोटं थांबली. पीळ उलटा होता.

आम्ही सगळे जॉइंटर तारा जोडताना उजवीकडे पिळतो. डावीकडे पिळणारा खात्यात एकच होता, आमचे हे. डावखुरे. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं, तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणूस खड्ड्यात उतरणार? उतरले. नऊ वर्षं उतरतेय. पण त्यांच्या हातचं काम असं समोर कधी आलं नव्हतं.

"काय गं, झोपलीस का?" टेस्टवाली फोनवर खेकसली. मैत्रीण माझी, पण तिच्या जिभेला हाड नाही.

"जॉइंट ह्यांचा आहे."

"सावकाश कर," ती म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

मी तो न कापता शिसं वितळवायच्या दिव्याच्या धगीवर धरून वाळवला. फुंकर घातली. पुन्हा वाळवला. डायल टोन आला, पण खरखरत.

"चालेल की," ती हळूच म्हणाली. "ऐकू येतंय. राहू दे तेवढा."

मलाही तेच हवं होतं. खोटं कशाला बोलू? पण कुणी जिवाच्या आकांताने बोलत असेल आणि पलीकडे अर्धंच पोचलं तर? हे असते तर म्हणाले असते, असला फोन देण्यापेक्षा देऊच नये.

"कापते," मी म्हटलं.

डोळे भरून आले होते. बाहीने पुसले. दोन्ही तारा कापल्या, कोरड्या जागेपर्यंत सोलल्या, माझ्या हाताने पिळल्या. टोन स्वच्छ आला. पाचला सात मिनिटं होती. टेस्टवालीने घंटी दिली आणि पलीकडून नर्सचा आवाज आला, "हॅलो, दवाखाना. बोला, कोण बोलतंय?"

"टेलिफोन खातं," मी म्हटलं. "तुमचा फोन चालू झालाय."

साहेब खाली वाकले. "बाई, शाबास! आता या वर. ही केबल सोमवारी माणसं येऊन तोडतील."

"नाही साहेब. उरलेल्या नव्व्याण्णव जोड्यांचे पीळही सोमवारी मीच कापीन."

"अहो, भंगारात जाणाऱ्या तारा त्या. कशाला?"

"ह्यांच्या हातचे आहेत," मी म्हटलं. "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही."

मी वर आले. साहेबांनी खड्ड्यावर ताडपत्री ओढायला हातभार लावला.