तीन चाली

जेलन पर्किन्सला मी पाण्यात पाहत होतो, हे आधीच सांगून टाकतो. मागाहून साळसूदपणाचा आव नको.

नेब्रास्कातल्या आमच्या छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात मी तीन वर्षं बाकावर काढली होती. चौथ्या वर्षी क्वार्टरबॅक मीच, चेंडू मीच फेकणार, असं कोच स्टोल्झनी स्वतः सांगितलं होतं. आणि ऑगस्टमध्ये हा अठरा वर्षांचा पोरगा उपटला. गुडघ्यावर बसून फेकला तरी त्याचा चेंडू माझ्यापेक्षा लांब जायचा. दुसऱ्याच आठवड्यात कोचनी मला बोलावलं.

"कर्ट, चेंडू तो फेकेल. तू बाहेरून त्याला खुणा कर. आपल्या चाली तुझ्याइतक्या कुणालाच पाठ नाहीत."

झालं! दर शनिवारी मी टोपी घालून रेषेबाहेर उभा. नाकाला हात, कोपराला हात, पट्ट्याला हात. जेलन माझ्याकडे बघायचा, मान हलवायचा आणि चेंडू फेकायचा. दहापैकी आठ सामने जिंकलो. प्रत्येक सामन्याला तीन तास गाडी हाकत येणारे माझे बाबासुद्धा फोनवर म्हणायला लागले, "काय पोरगं आहे रे ते!" मी त्यांचा पोरगा, याचा त्यांना विसरच पडला होता.

बरं, जेलन वाईट असता तर सोपं गेलं असतं. "आजोबा," तो सगळ्यांसमोर मला विचारायचा, "मघाशी नाकाला दोनदा हात लावलात, ती चाल होती की सर्दी?" सगळे हसायचे, मीही हसायचो. आतून तिळपापड व्हायचा.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. सामन्याआधी शेवटच्या वर्षाची मुलं आईवडिलांसोबत मैदानात चालत जातात. बाबा माझा हात धरून चालले होते आणि बघत होते जेलनकडे. "नंतर ओळख करून दे हं," म्हणाले.

तिसऱ्या सत्रात जेलन डोक्यावर आपटला आणि लगेच उठलाही. मी खूण केली. त्यानं हेल्मेटवर दोन टिचक्या मारल्या, म्हणजे परत दाखव. मी परत दाखवली. पुन्हा टिचक्या. अख्ख्या मोसमात त्यानं एकदाही परत विचारलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता, पण त्याला काही कळत नव्हतं. डोक्याला मार लागला होता. ते फक्त मला दिसलं, कारण तो बघायचा फक्त माझ्याकडे.

डॉक्टर दहा पावलांवर उभे होते. माझ्या मनात मात्र उकळ्या फुटल्या. होऊ दे फजिती! बाबांनाही दिसू दे. कोचनाच त्याला हाताला धरून बाहेर काढू दे.

पहिल्या चालीला तो भलत्याच बाजूला पळाला. दुसरीला चेंडू हातातच धरून उभा राहिला. तिसरीला दोन धिप्पाड गड्यांनी त्याला पुन्हा आडवा केला. या वेळी उठायला त्याला फार वेळ लागला. तेव्हा मी डॉक्टरांकडे धावलो.

कोच माझ्यावर खेकसले, "सबंध मोसम याचीच वाट बघत होतास ना?"

"हो," मी म्हणालो. "पण त्याला तपासा."

उरलेला सामना मी खेळलो. चार गुणांनी जिंकलो. ओरडून ओरडून बाबांचा घसा बसला.

जेलन बाकावर होता, शेजारी त्याची आई त्याचा हात धरून.

"आपण जिंकलो?" त्यानं मला विचारलं.

"जिंकलो."

"वा, आजोबा!" तो हसला. मग थोड्या वेळानं म्हणाला, "आपण जिंकलो?"

त्याच्या आईनं उठून मला मिठी मारली. "डॉक्टर म्हणाले, आणखी मार बसला असता तर पोरगं हातचं गेलं असतं. एवढ्या माणसांत तुझ्या एकट्याच्या लक्षात आलं, बाळा. लगेच सांगितलंस."

लगेच नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मागून बाबांचा हात खांद्यावर आला. "आमचा कर्ट आहेच तसा," ते बसक्या आवाजात म्हणाले. त्या वर्षात पहिल्यांदाच ते जेलनकडे न बघता माझ्याकडे बघत होते. मी तोंड मिटलं.

"आपण जिंकलो?" जेलननं विचारलं.