मोजणी दहाला सुरू झाली

आमच्या खात्यात मोजणी दहाला सुरू होते, कारण खातंच दहाला उघडतं. रस्त्याच्या कडेला आमची दोन माणसं खुर्च्या टाकून बसतात, गाड्या टिपतात आणि पाचच्या ठोक्याला खुर्च्या उचलतात. गावाकडून शहरात येणाऱ्या त्या रस्त्यावर दिवसभरात सायकली भरल्या अकरा. अकरा सायकलींसाठी कोण वेगळा पट्टा बांधतं? मी नकाशावरचा पट्टा खोडला आणि सही ठोकून मोकळी झाले.

माझा थोरला भाऊ त्याच रस्त्याने रोज सायकलवर शहरातल्या बेकरीत जातो. त्याने पट्ट्याचं विचारलं, तर मी फणकारले, "अरे दादा, सायकलवर जातंच कोण आता?"

"मी जातो की," एवढंच म्हणाला. आता एकट्या दादासाठी काय रस्ता रुंद करायचा! असं मला तेव्हा खरंच वाटलं.

परवा पहाटे एका ट्रकने त्याला कडेच्या खडीत ढकललं. पाय दोन ठिकाणी मोडला. डॉक्टर म्हणाले, पाय जुळेल, पण सायकल विसरा.

दवाखान्यात त्याच्या खाटेशी बेकरीतला भट्टीवाला बसला होता. मला बघून तो उठून उभाच राहिला.

"बसा ताई. तुमच्या मोजणीच्या दिवशी दादांनी अख्खं गाव उठवलं होतं बघा! माझ्या बहिणीचं खातं मोजतंय, म्हणाले, कुणी घरी राहायचं नाही. ट्रकच्या भीतीने बस धरणारेसुद्धा सायकलवर आले. बाजारातले, बांधकामावरचे, सगळे. पहाटे साडेपाचला साठ सायकली एका ओळीत, तेही धुतलेले शर्ट घालून!"

तारीख मीच सांगितली होती दादाला, बोलता बोलता. वेळ सांगायचं सुचलंच नाही. पहाटे साडेपाचला तिथे मोजायला चिटपाखरू नव्हतं आणि ही माणसं परतली संध्याकाळी सातला.

"पट्टा नाही झाला, ते जाऊ दे," तो पुढे म्हणाला. "पण दादा सांगत होते, ताई आमच्यासाठी वरच्यांशी कडाकडा भांडली. फार उपकार झाले."

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं. दादा डोळे मिटून पडला होता, पण पापण्या हलत होत्या. लबाड, जागाच होता.

"मी नाही हो भांडले," मी म्हणाले. "पट्टा मीच खोडला."

भट्टीवाला खाली बसला. माझ्याकडे बघेचना. चार शिव्या हासडल्या असत्या तरी परवडलं असतं.

"गप गं," दादा पुटपुटला. "चारचौघांत कशाला?"

"सोमवारी पुन्हा मोजणी लावते, दादा. पहाटे पाचपासून. मी स्वतः बसते."

"बस की," तो डोळे न उघडता म्हणाला. "एक सायकल कमी भरेल, तेवढं सांभाळून घे."