तीन माणसांचा विभाग

लुदिविना माग्बानुआ विभागप्रमुख झाली, पण कुणाला ती त्या जागेवर हवी होती म्हणून नव्हे. सांता रोसालिया कॉलेजच्या प्रयोगकला विभागात माणसं तीन. ताकियो सर गाणं आणि तंतुवाद्यं शिकवायचे, पुरिंग मॅडम नाच शिकवायच्या आणि लुदिविना नाटक. दोघा ज्येष्ठांपैकी एकाला प्रमुख केलं की दुसऱ्याचा राजीनामा टेबलावर येणार, हे जुन्या प्राचार्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी धाकटीच्या गळ्यात हे लोढणं अडकवलं आणि स्वतः निवृत्त होऊन बाकोलोदला मुलाकडे राहायला गेले.

त्यातून दोघांनीही लुदिविनाला याच कॉलेजात शिकवलेलं. त्यामुळे ती कागदोपत्री प्रमुख आणि खोलीत ‘इंदाय’, म्हणजे घरातली धाकटी पोर. केस पांढरे व्हायला लागले तरी इंदाय.

ताकियो सर आणि पुरिंग मॅडम एकमेकांशी बोलत नसत. मूळ होतं रोक्सास शहरातल्या एका जुन्या स्पर्धेत. बांबूचा नाच होता. दोघांनी जमिनीलगत दोन बांबू धरून तालावर आपटायचे आणि मिटायचे, नाचणाऱ्यांनी त्यांच्यामधून पाय उचलत जायचं. मध्येच लय वाढली, एका मुलीचा घोटा बांबूत सापडला आणि बक्षीस दुसऱ्या कॉलेजला गेलं. पुरिंग मॅडमचं म्हणणं, वादक पळाले. ताकियो सरांचं म्हणणं, बांबूवाले पळाले, वादकांना मागून धावावं लागलं. मुलीचा घोटा महिन्याभरात बरा झाला. ती आता दुबईत नर्स आहे, तिला दोन मुलं आहेत. भांडण मात्र अजून लंगडत होतं.

विभागाच्या खोलीत तीन टेबलं होती आणि लुदिविनाचं मधोमध.

“इंदाय, त्यांना सांग, पंखा माझ्याकडे वळवलाय तो तसाच राहू दे,” पुरिंग मॅडम म्हणायच्या. ताकियो सर तिथेच, हाताच्या अंतरावर.

“सर, पंखा...”

“ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून. तिला सांग, पंखा सगळ्यांचा आहे म्हणून तो फिरता असतो.”

“मॅडम...”

“मलाही कान आहेत, इंदाय.”

मग मला कशाला मध्ये घेता, हे लुदिविनाच्या ओठांवर यायचं आणि तिथेच विरायचं. ज्यांनी आपल्याला रंगमंचावर उभं राहायला शिकवलं, त्यांना असं कसं बोलायचं? ती अडकित्त्यातल्या सुपारीसारखी बसून राहायची.

त्या वर्षी नवे प्राचार्य आले, डॉक्टर बिलबाओ. त्यांनी लुदिविनाला बोलावून घेतलं.

“तीन माणसं, तीन वेगळे कार्यक्रम आणि बघणारे मात्र तेच आईबाप,” ते म्हणाले. “स्थापनादिनाला मला एकच प्रयोग हवाय. नाटक, गाणं, नाच, सगळं एकत्र. जमत नसेल तर पुढच्या वर्षीपासून तुम्हाला क्रीडा विभागात घालतो. तिथे शिस्त तरी आहे.”

क्रीडा विभाग म्हणजे व्हॉलीबॉलचे कोच. गळ्यातली शिट्टी न काढता जेवणारा माणूस. लुदिविनाने तोंडात आलेलं सगळं गिळलं आणि “जमवू सर,” म्हणाली.

तिने नाटक लिहिलं. विषय कॉलेजच्या संस्थापिकेचा. डोन्या रोसालिया ही तांदळाच्या व्यापाऱ्याची विधवा. नवरा गेला, धंदा बुडाला, तेव्हा तिने रिकाम्या गोदामात बाकं टाकून शाळा काढली. लुदिविनाने सुट्टीच्या दिवशी, जेवणं विसरून ते लिहून काढलं. दोघांना प्रती दिल्या.

“छान आहे,” पुरिंग मॅडम म्हणाल्या. प्रत अजून बंदच होती.

“यात वाद्यं कुठे येतात तेवढं सांग,” ताकियो सर म्हणाले.

तालमी सुरू झाल्या आणि लुदिविनाच्या नाकी नऊ आले. धान्याच्या प्रसंगात बांबूचा नाच होता. ताकियो सरांना विधवेचं दुःख दिसत होतं, म्हणून त्यांनी लय संथ ठेवली. पुरिंग मॅडमनी पहिल्याच दिवशी नाच थांबवला.

“इंदाय, त्याला सांग, या लयीत मुली नाचत नाहीत, प्रेताला खांदा देतात.”

“तिला विचार, ती बाई विधवा आहे की कोंबडी? एवढ्या उड्या कशाला?”

“सर, मॅडम म्हणतात, थोडी वाढवता आली तर.”

“असं नाही म्हणाली ती. खांद्याचं म्हणाली. निरोप नीट दे.”

असे दिवसामागून दिवस गेले. रोजच्या हेलपाट्यांनी लुदिविनाच्या पायांना गोळे यायला लागले. एका संध्याकाळी बांदुरिया हे तंतुवाद्य वाजवणारा एक मुलगा तिच्याकडे आला आणि अगदी अदबीने म्हणाला, “मॅडम, नाचवाल्यांना सांगता का, आमच्या खुर्च्या परत द्या म्हणून?”

नाचवाले समोरच त्या खुर्च्यांवर बसून केळ्याचे तळलेले काप खात होते.

“तू का नाही सांगत?” तिने विचारलं.

मुलगा गोंधळला. “आम्ही त्यांच्याशी नाही बोलत, मॅडम. आमचं तसंच आहे ना.”

लुदिविनाने त्याच्याकडे पाहिलं, खुर्च्यांकडे पाहिलं, मग पिशवी खांद्याला लावली. दोघा ज्येष्ठांसमोर जाऊन ती शांतपणे म्हणाली, “उद्यापासून मी रजेवर आहे.”

“किती दिवस?” दोघांनी एकदमच विचारलं, अर्थात तिला.

“परत येईन तेव्हा.”

“आणि तालीम?”

“तुमची आहे,” ती म्हणाली आणि बाहेर पडली.

ती गिमारास बेटावर थोरल्या बहिणीकडे गेली. मनांग निएवेसची, म्हणजे निएवेसताईची, आंब्याची बाग होती आणि कैऱ्यांना कागद गुंडाळायचे दिवस होते. लुदिविनाने फोन बंद करून तांदळाच्या डब्यात ठेवला आणि शिडीवर चढली.

“कागद कमी पडतोय,” खालून मनांग म्हणाली. “तुझं ते नाटक आणलंयस का?”

“मनांग, नको.”

“दोन म्हाताऱ्यांची भांडणं आणि अन्न तुला गोड लागत नाही. लग्न केलं असतंस तर एकाच म्हाताऱ्याचं ऐकावं लागलं असतं.”

पहिले काही दिवस लुदिविनाला झोप चांगली लागली. मग मात्र शिडीवर असतानाच तिला कोचच्या शिट्टीचे भास व्हायला लागले. आपण नाही म्हणजे तालीम बंद पडलेली असणार, मुलं घरी बसलेली असणार, आणि बोल आपल्यालाच लागणार. आठवड्याने ती मनांगने दिलेले, आधीच पिकलेले थोडे आंबे पिशवीत घेऊन होडीने परत निघाली तेव्हा प्राचार्यांना काय सांगायचं, याचीच जुळवाजुळव मनात चालली होती.

सभागृहाजवळ येताच तिला आत आवाज ऐकू आले. दोघांचेही, आणि चढलेले.

“मी म्हणते तिसऱ्या ठोक्याला.”

“तिसऱ्याला तुझी पोरं हवेत असतात, पुरिंग. हवेतल्या माणसाला मी सूर कसा देऊ?”

“मग दुसऱ्याला दे. सूर काय तुझ्या घरचा आहे?”

लुदिविना दारातच थबकली. दोघं थेट बोलत होते. सरांनी मॅडमचं नाव घेतलं होतं. पिशवीतले आंबे खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

तेवढ्यात पुरिंग मॅडमचं लक्ष गेलं. त्यांनी ताकियो सरांकडे पाहिलं, सरांनी त्यांच्याकडे. चोरून लाडू खाल्लेल्या भावंडांची असते तशी ती नजर होती.

“ये, इंदाय, बस,” ताकियो सर म्हणाले. “आम्ही दोघांनी मिळून एक ठरवलंय.”

हे वाक्य ऐकायला मिळेल असं लुदिविनाला कधी वाटलं नव्हतं. ती बसली.

“नाटक काढून टाकलंय,” पुरिंग मॅडम म्हणाल्या.

“काढून टाकलंय म्हणजे?”

“सगळं नाही गं. सुरुवातीला डोन्या रोसालियाचं नाव सांगायचं आणि शेवटी तिने येऊन नमस्कार करायचा.”

“बाई मरायला फार वेळ घेते, इंदाय,” ताकियो सरांनी मायेने समजावलं. “आम्ही घड्याळ लावून वाचलं. दोघांनी, मोठ्याने.”

लुदिविनाने विचारलं, “पण तुम्ही बोलायला कधी लागलात?”

“तू गेलीस ना,” पुरिंग मॅडम म्हणाल्या. “मग मुलांकडून निरोप धाडायला लागलो. मी म्हटलं, ‘लय आवर म्हणावं,’ तर तो मठ्ठ पोरगा जाऊन सांगतो, ‘तोंड आवरा.’ शेवटी हा तणतणत आला माझ्यासमोर. तू निरोप जरा गोड करून द्यायचीस, म्हणून इतकी वर्षं चाललं.”

“आणि रोक्सासचं?”

“तेही निघालं. हिचेच बांबू पळाले होते,” ताकियो सर म्हणाले.

“याच्या तारा.”

“त्यावर एकमत नाही,” सरांनी मान्य केलं. “तुझ्या नाटकावर आहे.”

लुदिविना उठली, आंबे तिथेच टाकले आणि घरी गेली. वाटेत ओळखीची माणसं भेटली, तिने कुणाला ओळख दिली नाही. वर्षानुवर्षं आपण या दोघांचे हमाल झालो, निरोप वाहिले, दोघांच्या वाढदिवसाला वेगवेगळे केक आणले, आणि एक झाले ते कशावर, तर आपल्या मेहनतीवर कात्री चालवायला. भांडत होते तेच बरं होतं, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

अंगणातल्या बाकावर बसून रागारागातच तिने नाटक पुन्हा वाचायला घेतलं. त्यांना चूक ठरवण्यासाठी वाचत होती. पण सुरुवातीची पानं वाचता वाचता ती स्वतःच पानं गाळायला लागली. सगळी भाषणंच होती. नवरा मरताना बोलत होता, मेल्यावर त्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं. खरंच, ही माणसं मरायला फार वेळ घेत होती.

मग गोदामाचं पान आलं. रिकाम्या गोदामात डोन्या रोसालिया एकटी उरलेले दाणे झाडते आहे. दारात शेजारची मुलं सावलीला येऊन बसली आहेत. ती त्यांना हाकलायला जाते आणि हाकलत नाही. एवढंच. लुदिविनाने ते पान दोनदा वाचलं. हे आपण सोडणार नाही, तिने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी तालमीत ती बसली नाही. सभागृहाच्या मधोमध उभी राहिली आणि मागच्या रांगेपर्यंत पोचतो त्या आवाजात म्हणाली, “हे पान राहणार. बाकीचं कापा.”

“इंदाय, ते पानसुद्धा...” ताकियो सरांनी सुरुवात केली.

“सर, विभागप्रमुख मी आहे. हे पान राहणार.”

मुलांची कुजबूज थांबली. पुरिंग मॅडमनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं.

“वाद्यं?” सरांनी विचारलं.

“त्या पानाला नाहीत.”

“आणि बांबू?” पुरिंग मॅडमनी विचारलं.

“वर धरून उभं राहायचं, गोदामाच्या खांबांसारखं. हलायचं नाही.”

“मुलांचे हात भरून येतील.”

“येऊ देत.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “हिला आवाज लावायला कुणी शिकवलं?” ताकियो सर पुटपुटले. “मी,” पुरिंग मॅडम म्हणाल्या. “तू? तू नाच शिकवतेस.” आणि तिथून पुन्हा जुंपली. लुदिविनाने मुलांना जागेवर उभं केलं आणि तालीम सुरू केली.

स्थापनादिनाला सभागृह भरलं होतं. प्राचार्य पहिल्या रांगेत, त्यांच्या शेजारी बिशपांचे प्रतिनिधी. कोच दाराशी उभे होते. गाणी झाली, नाच रंगला आणि गोदामाचा प्रसंग आला. बांबू वर गेले. जोवेलिन नावाची दुसऱ्या वर्षाची मुलगी डोन्या रोसालिया झाली होती. ती झाडत झाडत मध्यभागी आली, मुलांकडे वळली आणि वाक्य विसरली.

विंगेत लुदिविनाने पडद्याची दोरी हातात घेतली. जोवेलिन थांबली, पुन्हा झाडायला लागली, पुन्हा थांबली. ताकियो सर वादकांसमोर बसले होते. मुलीला सावरायला त्यांचा हात वर गेला, आता तारा वाजणार. पण त्याआधी त्यांनी समोरच्या विंगेत पाहिलं. तिथे पुरिंग मॅडम उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको. सरांचा हात तसाच वर राहिला आणि मग हळूच मांडीवर आला.

कुणी खोकलंही नाही. बांबू धरलेल्या मुलांचे दंड थरथरत होते. जोवेलिनने झाडू खाली ठेवला, ओंजळभर दाणे उचलले, मुलांकडे बघत राहिली आणि तिला वाक्य सापडलं. “बसा. आत बसा, बाहेर ऊन आहे.”

मग सरांनी हात उचलला, तारा आणि बांबू एकाच क्षणी सुरू झाले, आणि कुणीही कुणाच्या पुढे पळालं नाही. लुदिविनाने पडद्याची दोरी घट्ट धरली होती. आपण रडतोय हे तिला पडदा पाडायची वेळ आली तेव्हा कळलं.

नंतर मांडवात सगळे पान्सितच्या, म्हणजे परतलेल्या शेवयांच्या, ताटल्या घेऊन उभे होते. डॉक्टर बिलबाओ खूश होते. “तो शांततेचा प्रसंग तर फारच उत्तम बसवलाय. किती तालमी केल्यात?” त्यांनी विचारलं. लुदिविना “पुष्कळ,” म्हणाली. क्रीडा विभागाचा विषय त्यांनी काढला नाही. उलट दर सत्राला असा एक प्रयोग व्हावा असं सुचवून ते गोड पदार्थांकडे वळले. पलीकडे ताकियो सर आणि पुरिंग मॅडम एकाच बाकावर बसून, तो प्रसंग कुणामुळे वाचला यावर हातवारे करत होते. पान्सित तसंच गार होत होतं.

तेव्हापासून विभागाच्या खोलीत एक मिनिट शांतता नसते. इतक्या वर्षांचं साठलेलं दोघं रोज थोडं थोडं काढतात, आणि निरोप्याची गरज कुणालाच उरलेली नाही. लुदिविनाने अर्ज करून आपलं टेबल वेशभूषेच्या कोठीत हलवून घेतलं आहे. तिथे खिडकी एवढीशी आहे आणि डांबराच्या गोळ्यांचा वास अंगाला लागतो, पण दाराला आतून कडी आहे. दुपारी दोघांचे आवाज चढले की ती कडी लावते आणि पुढच्या सत्राचं नाटक लिहायला बसते.