नदीपलीकडचे जावईबापू

प्रबंधाचं शेवटचं वर्ष सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. नदीपलीकडच्या देशातल्या बायका सीमेवरचा बाजार कसा चालवतात, हा त्याचा विषय. आणि घर चालवत होती त्याची बायको, औषधांच्या दुकानात दिवसभर उभी राहून. प्रबंध पुरा करायला एक वर्षाची शिष्यवृत्ती मिळते, तेवढीच आशा आता उरली होती. ती हुकली तर लिखाण गुंडाळून थोरल्या भावाच्या टायरच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, हे भावाने गोड शब्दांत सांगून टाकलं होतं.

बायको त्याच नदीपलीकडची. तिची भाषा त्याला येत होती म्हणजे पाणी मागता येत होतं आणि आभार मानता येत होते. बाजारातल्या बायकांशी बोलायची ती, त्यांना हसवायची ती, आणि संध्याकाळी आपल्या मावशीच्या घरी बसून रेकॉर्डिंगमधला शब्द न् शब्द त्याला उलगडून सांगायचीही तीच. हा पठ्ठ्या लिहून घ्यायचा. परक्या पुरुषापुढे तोंड उघडणाऱ्या त्या बायका नव्हत्या. आपल्या पोरीचा नवरा म्हणून त्यांनी त्याला पोटातलं सांगितलं.

शिष्यवृत्तीच्या अर्जात भाषेच्या रकान्यात त्याने 'उत्तम' लिहिलं. दुभाष्याच्या जिवावर केलेलं संशोधन समितीच्या गळी उतरत नाही, असं मार्गदर्शक बाईंनी बजावलं होतं. नवरा-बायकोत कसलं तुझं-माझं, अशी त्यानेही मनाची समजूत घातली.

मुलाखत घरूनच होती, लॅपटॉपवर. तिने रजा काढली, त्याच्या शर्टाला इस्त्री केली, मध्येच कुणी दार वाजवू नये म्हणून शेजारी सांगून आली. मग कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी टेबलापलीकडे बसली, लागेल तो कागद पुढे सरकवायला.

सुरुवातीचे प्रश्न त्याने सहज परतवले. मग पिकल्या केसांचे एक सदस्य म्हणाले, "या सगळ्यांशी तुम्ही एकट्यानेच बोललात?"

"हो. म्हणजे, मदतीला तिथलीच एक बाई होती. रोजंदारीवर घेतलेली."

कागद चाळणारा तिचा हात थांबला. त्याने स्क्रीनवरून नजर हलवली नाही.

"आणि तुम्ही जोडलेल्या उताऱ्यांतली ही म्हातारी तुम्हाला सारखी जावईबापू का म्हणते?"

खरं उत्तर हातभर अंतरावर बसलं होतं. तो चक्क हसला.

"लाडाने हो. तिकडे बाहेरच्या माणसाला म्हणतात तसं."

समितीही हसली. पुढच्या प्रश्नाला लागणारा कागद तिने पुढे सरकवला, आणि तो नेमका हवा तोच होता.

लॅपटॉप बंद केल्यावर त्याला मान वर करवेना. तसं बोलावं लागतं, असं काहीतरी तो पुटपुटला. ती "हं" म्हणाली आणि इस्त्री जागेवर ठेवायला गेली. तिने कडाकडा भांडावं म्हणून तो दोन दिवस तिच्या मागेमागे घुटमळला. स्वतःहून विषय काढायची मात्र त्याची छाती झाली नाही. लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा निकालाची धास्ती जास्त वाटत होती, याची आणखी लाज वाटत होती.

शिष्यवृत्ती मिळाली. ईमेल त्याला मोठ्याने वाचवेना, म्हणून तिनेच वाचला. "बरं झालं. आता पुरं कर," ती म्हणाली आणि तिने आईला फोन लावला.

तिच्या भाषेत, खालच्या आवाजात ती बराच वेळ बोलत होती. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. जावयासाठीचा त्यांचा शब्द तेवढा त्याला ओळखू आला. मग फोनवर पलीकडून सासूबाई बोलू लागल्या, आणि बोलतच राहिल्या.

तिने फोन ठेवला तेव्हा त्याने विचारलं, "काय म्हणाल्या आई?"

"अभिनंदन सांगितलंय," ती म्हणाली.

एवढ्या लांबलचक बोलण्याचा एवढासा अर्थ तिने त्याला आजवर कधी सांगितला नव्हता. ती पर्स उचलून दुकानात जायला निघाली. आणखी विचारायला त्याला तोंड उरलं नव्हतं.